बाई गणपतीत कुठे होत्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. जिला मी सगळं सांगते असं वाटतं, त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण कदाचित तुम्ही माझं पुस्तक वाचलं असेल — तुमच्या मुलांना मांडीवर घेऊन वाचून दाखवलं असेल — आणि शेवटचं पान पुन्हा एकदा वाचलं असेल. असं मला पुष्कळांनी सांगितलंय. मी दर वेळी हात जोडले.

पुस्तक चोवीस पानांचं आहे. 'वरच्या खोलीतल्या बाई'. चित्रं माझी, मजकूर माझा. महाडला पूर येतो, एका शिक्षिकेची भाड्याची खोली बुडते, एक कुटुंब तिला आपल्या घरी आणतं. ती त्यांच्या मुलीला वाचायला शिकवते, त्यांच्या दुकानातला चिखल काढते, गणपतीत त्यांच्याबरोबर आरती म्हणते. मग तिला नवी खोली मिळते आणि सगळे दारात उभे राहून हात हलवतात. मागच्या पानावर छापलंय — 'एक सत्यकथा'.

मी एका शाळेत चित्रकला शिकवते. माहेर महाडचं, सासरही महाडचं. आमचं बाजारपेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. या गावाचा मला अभिमान आहे — होता, म्हणू का? दर मार्चला चवदार तळ्यावर लांबलांबची माणसं येतात, आमच्या दुकानावरून जातात. आम्ही बाहेर थंड पाण्याचे जार ठेवतो. मी स्वतः उभी राहून पाणी देते. बाहेरच्या लोकांना मी सांगायचे, आमच्या गावात असलं काही नसतं हो, आम्ही त्या तळ्याच्या गावचे. हे मी किती वेळा म्हटलं असेल — आणि म्हणताना मला ते खरंच वाटायचं. हेही लक्षात ठेवा.

पूर खराच आला होता. सावित्रीचं पाणी दुकानात माळ्यापर्यंत चढलं. ओसरलं तेव्हा वह्यांचे गठ्ठे फुगून पावासारखे झाले होते आणि रस्त्यावर गुडघाभर चिखल. आमचं घर थोडं उंचावर, वरचा मजला कोरडा. बाईंची खोली मात्र नदीच्या अंगाला, खालच्या आळीत होती. त्या पोलादपूरच्या वर एका डोंगरवाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. वय सव्वीस-सत्तावीस. एकट्याच राहायच्या. आमच्या दुकानातून खडू, कार्डशीट न्यायच्या, तेवढीच ओळख. पुरानंतर तिसऱ्या दिवशी त्या दुकानासमोर उभ्या दिसल्या — अंगावर कुणाचा तरी ढगळ कुर्ता, हातात एक पिशवी. मीच म्हटलं, आमच्याकडे चला. कुणी सुचवलं नव्हतं. तेवढं पुस्तकातलं खरं आहे.

बाकीही बरंचसं खरं आहे, त्यामुळेच तर ते पुस्तक इतकं पटतं. बाईंनी आमच्याबरोबर आठ-दहा दिवस फावडं मारलं, घमेली वाहिली. माझी मुक्ता तेव्हा आठ वर्षांची. करोनात शाळा बंद राहून राहून तिचं वाचन पार सुटलं होतं. बाईंनी तिला दुकानातल्या भिजक्या गोष्टींच्या पुस्तकांची पानं इस्त्री करायला बसवलं. एकेक पान वाळवायचं आणि वाचायचं. महिन्याभरात पोर घडाघडा वाचायला लागली. मधूनच बाई एसटीने पोलादपूरला जायच्या, तिथून चढून वाडीवर, कुणाच्या तरी ओसरीवर मुलं गोळा करून शिकवायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. आल्या की थेट स्वयंपाकघरात. माझ्या सासूबाईंशी त्यांचं गूळपीठ जमलं होतं. सासूबाई जवळच्याच सव गावच्या, बोलायला फटकळ. बाईंना 'मास्तरीण' म्हणायच्या.

गल्लीत माझं कौतुक व्हायला लागलं. मला ते आवडत होतं. पुरात सगळ्यांचं सगळं गेलं होतं, आणि माझ्याकडे दाखवायला एक चांगली गोष्ट होती — बाई.

मग एका रविवारी बाईंचे वडील त्यांना भेटायला आले. खेडच्या बाजूचे, साधे, तांदळाची पिशवी घेऊन. पुढच्या खोलीत बसले, चहा घेतला, माझ्या नवऱ्याशी पावसापाण्याचं बोलले. निघताना उठले आणि सवयीने हात जोडून म्हणाले, "जय भीम, साहेब. पोरीला संभाळलंत."

"जय भीम, काका. तिनेच आम्हाला संभाळलं," नवरा लगेच म्हणाला.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तुम्हाला वाटेल मी काही बोलले, चेहरा वाकडा केला. काहीही केलं नाही. हसून त्यांना निरोप दिला. त्या रात्री जेवायला सगळे एकत्र बसलो. घरात कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि याचाही मला अभिमान वाटला. बघा, आम्ही कसे आहोत.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाई नेहमीसारख्या माठाकडे गेल्या, आणि मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. आधी कधी बघितलं नव्हतं. एवढंच. हे असं सुरू होतं — म्हणजे सुरू होत नाही, असतंच. आपल्या घरात कुठल्या कोपऱ्यात काय ठेवलंय हे आपल्याला ठाऊक नसतं, तसं.

गणपतीला पंधरा दिवस उरले. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती, गौरी येतात, माहेरचे, सासरचे मिळून तीस-पस्तीस माणसं जेवतात. मला डोळ्यांपुढे दिसायला लागलं — बाई मोदक वळताहेत, बाई नैवेद्याचं ताट उचलताहेत, आणि माझ्या मोठ्या काकू विचारताहेत, ही कुठली गं, कुणाची? मग मी काय सांगणार? सांगितलं तर काय होईल? काकू ताटावरून उठतील? माझा भाऊ काही म्हणेल? मला नक्की काय वाटत होतं ते मी आजही सांगू शकत नाही. भीती म्हणावं तर भ्यायला समोर कुणी नव्हतं. कुणी मला एक शब्द विचारला नव्हता.

मी बाईंना गच्चीवर गाठलं. त्या कपडे वाळत घालत होत्या. म्हटलं, "बाई, गणपतीत पुण्याची नणंद येतेय, सगळी मंडळी घेऊन. वरची खोली लागेल."

त्यांनी हातातली ओढणी झटकली, दोरीवर घातली, चिमटा लावला. मग म्हणाल्या, "हो ताई. बघते मी."

"घाई नाही."

"नाही, बरंय. उघडीप आहे तोवर जाते."

त्यांना कळलं का? कळलंच असेल. अशा गोष्टी ज्यांनी आयुष्यभर ऐकल्यात त्यांना त्या आवाजावरून कळतात. त्यांनी एकदाही विचारलं नाही की गणपती झाल्यावर परत येऊ का.

नणंद येणार नव्हती. तिचं तसं ठरलंच नव्हतं.

महाडात तेव्हा भाड्याने खोली मिळणं शक्य नव्हतं. अर्धं गाव दुसऱ्यांच्या घरात राहत होतं. मला ते ठाऊक होतं. बाई गेल्या त्या थेट वाडीवर, शाळेच्या खोलीत. त्याच पावसात आमच्याच तालुक्यातल्या तळीये गावावर दरड आली होती, माणसं गाडली गेली होती. त्या दिवसांत डोंगरावरची माणसं पाऊस वाढला की घर सोडून बाहेर बसत होती, आपल्याच डोंगराकडे बघत. मी बाईंना तिथे पाठवलं. वरची खोली पाचही दिवस रिकामी होती. गादी गुंडाळलेली, खिडकी बंद. गौरीच्या दिवशी मी तिथे जास्तीच्या पत्रावळी ठेवल्या.

आणि आता जे सांगायचंय, ते मी आजवर स्वतःशीसुद्धा फिरवून सांगत आले. चतुर्थीला सकाळी सासूबाई मोदकाची उकड मळत होत्या. मला म्हणाल्या, "मास्तरीण कधी येत्ये गो? तिचा हात बरा आहे कळ्यांना."

मी म्हटलं, "त्यांची बदली झाली, आई."

"अशी मधेच?" त्या म्हणाल्या. "मला सांगून नाय गेली ती."

त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. त्यांना वडिलांचं 'जय भीम' ऐकू गेलं नव्हतं का? गेलं होतं. त्या शेजारीच सुपारी कातरत बसल्या होत्या. दोन वर्षांनी सासूबाई गेल्या. त्या वारल्यावर एकदा नवऱ्याने मला विचारलं की बाई तेव्हा अशा अचानक का गेल्या — त्याच्या मनात ते कुठेतरी राहिलं होतं. मी म्हटलं, "आईंना गणपतीत चालणार नव्हतं. मी काय करणार?" त्याने आपल्या मेलेल्या आईबद्दल ते मानलं. अजून मानतो. परवा कुणाशी तरी बोलताना म्हणाला, आमची आई जुन्या वळणाची होती. मी तिथेच होते. ऐकलं आणि कुकर लावायला आत गेले.

पुस्तक कसं झालं तेही सांगते. मुक्ता रोज विचारायची, बाई का गेल्या, माझ्यावर रागावल्या का. तिला उत्तर देण्यासाठी मी चित्रं काढायला घेतली. एकेक पान काढायचं आणि तिला दाखवायचं. गणपतीचं पान मी सगळ्यात मन लावून काढलं: मखर, समया, टाळ वाजवणारे माझे सासरचे, आणि मधोमध हिरव्या साडीत, हातात आरतीचं तबक घेतलेल्या बाई. मुक्ता बघत राहिली. म्हणाली, "पण असं नव्हतं ना झालं."

"गोष्टीत असतं असं," मी म्हटलं.

तिने पुन्हा विचारलं नाही. आठ वर्षांच्या मुलीला मी समजवायला गेले आणि तिला काय शिकवलं? बाईंनी तिला वाचायला शिकवलं होतं. मी तिला शिकवलं की छापलेलं खोटं असू शकतं आणि ते घरात कुणी बोलायचं नसतं.

चित्रं एका मैत्रिणीने बघितली, तिच्या ओळखीने पुण्याच्या एका लहानशा प्रकाशकाकडे गेली. पुस्तक निघालं. आणि गाव अक्षरशः हळवं झालं. तुम्ही समजून घ्या — पुरानंतर आमच्या महाडचं जगाने काय बघितलं होतं? चिखल, पडकी घरं, रांगेत उभी माणसं. आणि इथे एक रंगीत पुस्तक सांगत होतं की महाड म्हणजे माणुसकी. शाळांनी प्रती घेतल्या. लोकांनी नातवंडांना भेट दिल्या. चौकात माझा फ्लेक्स लागला. एकजण तर म्हणाला, हे पुस्तक तळ्याच्या वारशाला साजेसं आहे. मी मान खाली घालून उभी राहिले. लोकांना तो विनय वाटला.

गावातल्या मंडळींनी माझा सत्कार ठेवला. बाईंना त्यांनीच बोलावलं, मला न सांगता, मला आनंद व्हावा म्हणून. पुराला तेव्हा तीन वर्षं झाली होती. बाई आल्या. वाडीवरच्या चार मुलांना घेऊन आल्या, मुलांनी कधी सभागृह बघितलं नव्हतं म्हणून. मला बघून त्या हसल्या, "कशी आहे मुक्ता?" विचारलं. पुस्तक त्यांनी वाचलं होतं, शाळेला आलेली प्रत मुलांना वाचूनही दाखवली होती. त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना मंचावर माझ्या शेजारी बसवलं.

पडद्यावर एकेक पान दाखवत मी गोष्ट सांगत होते. गणपतीचं पान आलं तेव्हा टाळ्या पडल्या. आणि मधल्या रांगेतून एका मुलीने हात वर केला. बाईंबरोबर आलेली, नऊएक वर्षांची, दोन वेण्या, तेल चोपडलेलं. दर्शना तिचं नाव. निवेदकाने कौतुकाने तिच्या हातात माईक दिला. ती उभी राहिली.

"पन बाय गनपतीत हितं नव्हत्या," ती म्हणाली. "आमच्या शाळंत व्हत्या. माजी आय भाकरी न्यायची त्यांना."

भांडायला नव्हती उठली ती. शिक्षकाने फळ्यावर बेरीज चुकवली की हुशार मुलं सांगतात, तसं सांगत होती.

बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. मी तो चेहरा विसरायचा खूप प्रयत्न केलाय. त्यात राग नव्हता, दुखावलेपण नव्हतं. त्या थांबल्या होत्या. मी बोलावं म्हणून त्यांनी जागा करून दिली होती. मी तेव्हा नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. नुसतं 'हो'.

मी हसले. म्हटलं, "अगं, तू तेव्हा केवढीशी होतीस. ते पुढच्या वर्षीचं असेल. होतं असं लहानपणी, सगळं एकात एक मिसळतं." आणि लोकांकडे बघून, "नाही का हो?"

लोक हसले. प्रेमानेच हसले.

"नाय, पुराच्याच साली," दर्शना म्हणाली. "मी नाय इसरले."

"बरं बरं, बस हां बाळ," निवेदकाने माईक काढून घेतला. पुन्हा हशा झाला, आधीपेक्षा मोठा. ती उभीच होती. बसायचं की नाही ते तिला कळेना. आपल्या बाईंकडे बघत होती, पडद्यावरच्या बाईंकडे बघत होती. मग तिचा चेहरा बदलला. मी पंचवीस वर्षं वर्गात उभी राहिलेय, मुलांचे चेहरे मला कळतात. तिला स्वतःचीच शंका यायला लागली होती.

मी पुढचं पान घेतलं.

बाई उठल्या. मंचावरून खाली गेल्या, दर्शनाजवळ वाकून तिच्या कानात काहीतरी बोलल्या. चारही मुलांना घेऊन मधल्या वाटेने बाहेर निघाल्या. सगळे माना वळवून बघत होते. आणि मी — हे मी केलंय, हे माझ्या तोंडून निघालंय — माईकवर म्हटलं, "बाईंना पोलादपूरची गाडी गाठायचीय. आपण त्यांना टाळ्यांनी निरोप देऊ या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. उभे राहून वाजवल्या. सकाळचे साडेअकरा वाजले होते, पोलादपूरला दिवसभर गाड्या असतात. बाईंनी मागे वळून बघितलं नाही.

घरी मुक्ताने विचारलं, "ती बरोबर बोलत होती ना, आई?" मी म्हटलं, आधी जेवून घे. ती जेवली नाही.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, माझं काही नाही. पण दर्शनाला एकदा येऊन सांगाल? ती सारखी विचारतेय, बाय, मी खोटं बोलले का म्हणून. मी सांगून तिला पटत नाही. पडद्यावर चित्र होतं ना."

"येते," मी म्हटलं. "रविवारी नक्की येते."

त्या रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी पाऊस होता. त्यानंतरच्या रविवारी काय होतं, आता आठवत नाही. महाडहून पोलादपूर अर्ध्या-पाऊण तासाचं आहे, तिथून वाडीवर जीपही जाते आता. दोन वर्षं झाली. बाईंनी पुन्हा फोन केला नाही. त्यांची बदली झाली, खरीच झाली या वेळी, कुठे ते मी विचारलं नाही. त्या भागातल्या शाळांमधली एक शिक्षिका मला शिक्षकांच्या प्रशिक्षणात भेटली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. बोलता बोलता म्हणाली, त्या वाडीवर एक मुलगी आहे, हुशार होती फार, हल्ली वर्गात तोंड उघडत नाही. शहरात जाऊन मोठ्या माणसांसमोर काहीतरी खोटं बोलली म्हणून बापाने मारलं होतं म्हणे. मी विचारलं नाही, कोण मुलगी. डबा उघडला आणि तिला भाजी वाढली.

त्या गणपतीत बाईंना वाडीवर कुणी आरतीला बोलावलं का, बोलावलं तर आत बसवलं की ओसरीवर, मला माहीत नाही. विचारायला मी कधी वर गेलेच नाही.

गेल्या महिन्यात प्रकाशकाचा फोन आला. दुसरी आवृत्ती काढायचीय, काही बदल आहेत का? मी म्हटलं, नाही, आहे तसंच छापा. पुस्तक आता पुन्हा दुकानात आलंय, मागच्या पानावरच्या त्या दोन शब्दांसकट. आमच्याही दुकानात पुढच्या फळीवर आहे. कुणी मागितलं तर मी सही करून देते.

दर्शना आता सहावीत असेल. ती काही विसरली नव्हती. पुराच्या साली, गणपतीत, बाई त्यांच्या शाळेत होत्या. मी त्यांना घरातून घालवलं होतं, म्हणून होत्या. घालवायला मला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी नाही, कुणीच नाही.